पाण्याखालचं ताट

परवा पहाटे चार वाजता दादाचा व्हिडिओ आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, देवगडचा. त्याच्याकडे तेव्हा सकाळचे साडेआठ वाजलेले असतात, चहा झालेला असतो आणि जगाला शहाणं करायची वेळ झालेली असते. इकडे ट्रॉन्डहाइममध्ये हिवाळ्यात साडेनऊलासुद्धा धड उजाडत नाही, पण हे त्याला सोळा वर्षं सांगून झालंय.

व्हिडिओ सुंदर होता, हे आधीच कबूल करते. निळंशार पाणी, त्यात एक अवाढव्य गोल जाळं, जाळ्यात हजारो चंदेरी सॅमन एकाच दिशेनं गोल गोल पोहतायत. वरून कुणी काही टाकत नाहीये. पाण्याखाली सात-आठ मीटरवर एका नळीचं तोंड आहे, त्यातून तपकिरी गोळ्यांचं कारंजं हळूच उमलतं, मासे येतात, खातात, जातात. मागे पियानो. खाली दादाचा शेरा: "बघ गो, तुमच्या नॉर्वेत काय केल्यानी ता! आमचे कधी शिकतले?"

इथवर ठीक होतं. मी अंगठा दाखवून पुन्हा झोपले असते. पण पाठोपाठ एक पीडीएफ आली. बत्तीस पानी प्रकल्प अहवाल. देवगडच्या समुद्रात पिंजरे, त्यात कोबिया आणि जिताडा, आणि ते पिंजरे पावसाळ्यात पाण्याखाली बुडवून ठेवायचे, खाद्य नळीनं थेट खाली पोचवायचं. "नॉर्वेजियन तंत्रज्ञानावर आधारित". अनुदान वहिनीच्या नावानं, कारण २०२० साली आलेल्या मत्स्यसंपदा योजनेत बायकांसाठी साठ टक्क्यांपर्यंत तरतूद केली होती. उरलेल्या रकमेसाठी तारण म्हणून आजोबांची कलमांची बाग.

ती बाग एकट्या दादाची नाही. म्हणून हे जाहीरपणे लिहितेय. मावशी, बंड्यामामा, पुण्याची सगळी मंडळी, तुम्हीही वाचा. बाकीच्या वाचकांनी आमच्या घरचं भांडण म्हणून सोडून द्यायला हरकत नाही, पण मुद्दा निव्वळ घरचा नाही असं मला वाटतं.

तर आधी हे पाण्याखाली जेवू घालायचं प्रकरण काय आहे ते.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. ऐंशीच्या दशकात ते हित्रा बेटाजवळ मत्स्यशेतीवर कामाला होते. हित्रा म्हणजे या धंद्याची पंढरीच म्हणा. १९७० साली तिथे ग्रोन्त्वेद बंधूंनी समुद्रात एक अष्टकोनी पिंजरा टाकला, त्यात सॅमनची वीसेक हजार पिल्लं सोडली आणि धंदा जमतो हे दाखवून दिलं. आजोबांच्या काळात खाद्य हातानं टाकायचं. पिंजऱ्याच्या कडेनं चालत जायचं, डावानं गोळ्या फेकायच्या आणि पाण्याकडे बघायचं. भुकेले मासे वर आले की पाणी उकळल्यासारखं होतं. मग उकळी हळूहळू बसते. बसली की डाव ठेवायचा. "मासा सांगतो की पुरे," असं ते म्हणतात. आपल्याकडे पंगतीत वाढणारा ताटाकडे न बघता माणसाच्या चेहऱ्याकडे बघतो ना, तसं.

मग पिंजरे मोठे झाले. आज इथे एका पिंजऱ्यात कायद्यानं दोन लाखांपर्यंत मासे ठेवता येतात. दोन लाखांच्या पंगतीला डावानं कोण वाढणार? शेजारी एक तरंगता बार्ज असतो, त्याच्या पोटात शेकडो टन खाद्य. मोठाले ब्लोअर हवेच्या जोरावर त्या गोळ्या शेकडो मीटर लांब प्लॅस्टिकच्या नळ्यांतून ढकलतात आणि पिंजऱ्याच्या मधोमध एक फिरता फवारा त्या पाण्यावर उधळतो. आवाज प्रचंड. गोळ्या नळीत आपटून फुटतात, त्यांचा भुगा होतो, आणि नळीही आतून झिजते, ते प्लॅस्टिक समुद्रात. वारा असला की अर्ध्या गोळ्या भलतीकडे. प्रवाह असला की गोळी माशाच्या तोंडाशी यायच्या आत जाळ्याबाहेर. सीगल तर फुकटचे जावई.

पाण्यातून खाद्य देणं हा याच्यावरचा उतारा. हवेऐवजी समुद्राचंच पाणी पंपानं नळीत सोडायचं, गोळ्या त्यात अलगद वाहत जातात, फुटत नाहीत, वीजही कमी लागते, आणि नळीचं तोंड हव्या त्या खोलीवर ठेवता येतं. लाटा वर, जेवण खाली. भर समुद्रात, जिथे बार्जवर माणसाला नीट उभं राहता येत नाही, तिथे तर हे फारच सोयीचं. पाण्यात कॅमेरे लावलेले असतात आणि दूर किनाऱ्यावरच्या एका ऑफिसात कुणीतरी आठ-दहा पडद्यांसमोर बसून किती गोळ्या खाली निसटतायत ते बघत नळ बंद-चालू करतं. चांगलं इंजिनिअरिंग आहे. मी स्वतः आयुष्यभर पंप आणि झडपा यांच्यातच वावरले आहे (माझ्या नशिबी तेल आलं, मासे नाही), त्यामुळे मला त्याचं कौतुक दादापेक्षा जास्तच वाटतं.

पण मासे खाली न्यायचे कशाला? वारा-लाटा हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं त्या पियानोवाल्या व्हिडिओत नाही, ते म्हणजे उवा.

हो, उवाच. सॅमनच्या अंगावर बसणारा एक बारीक खेकड्याच्या जातीचा जीव. वाढलेली मादी सेंटिमीटरभर असते. माशाची बुळबुळीत त्वचा, मांस, रक्त खाते. रानात ही ऊ नेहमीच होती, पण तिथे मासे विरळ. एका जागी दोन लाख यजमान दाटीवाटीनं, वर्षभर, मुक्कामाला. उवेच्या दृष्टीनं हा अखंड अन्नछत्राचा कार्यक्रम. तिची पिल्लं पाण्यात तरंगत यजमान शोधतात, आणि ती उजेडाकडे जातात, म्हणून बहुतेक वरच्या थरात असतात. मासे जेवायला वर येतात. म्हणजे आपणच ताट अशा जागी मांडतो जिथे उवा वाट बघत बसल्यात. मग ताटच खाली नेलं तर?

युक्ती चालते, अगदी प्रामाणिकपणे सांगायचं तर चांगली चालते. बर्गनच्या समुद्र संशोधन संस्थेतल्या लोकांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलंय की मासे खोल ठेवले की नव्या उवा बऱ्याच कमी लागतात.

पण सॅमनला खाली राहता येत नाही.

त्याच्या पोटात हवेची एक पिशवी असते, तिच्यामुळे तो पाण्यात तरंगून राहतो. ती भरायची तर त्याला वर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो. वर येऊच दिलं नाही तर तीनेक आठवड्यांत पिशवी रिकामी होते. २००९ साली त्याच संस्थेच्या संशोधकांनी अशा बुडवून ठेवलेल्या माशांबद्दल लिहिलंय: बुडू नये म्हणून ते जास्त जोरात पोहत राहिले, रात्री तर शेपटी खाली, डोकं वर असे तिरके, भूक मंदावली, वाढ खुंटली, पाठीच्या कण्याचे मणके दबले. वाचून मला लोकलच्या दारात लटकणारी माणसं आठवली.

मग यावर उपाय काय काढला? खाली, पाण्यातच, हवेचा एक घुमट बसवला. घंटेसारखा उलटा. मासे त्यात तोंड घालून हवा घेतात, शिकतात बिचारे. मग खाली अंधार, म्हणून दिवे. मग दिव्याच्या उजेडात उवा मोजायला आणि भूक ओळखायला कॅमेरे. कॅमेऱ्यांचं बघायला माणसं पुरेनात म्हणून संगणकच भूक ओळखणार. एका चुकीच्या टाक्यावर दुसरा टाका, त्यावर तिसरा. आमची आजी अशा गोधडीला "ठिगळाची जत्रा" म्हणायची. यातलं प्रत्येक ठिगळ हुशार माणसांनी लावलेलं आहे. पण दोन लाख मासे एका जाळ्यात का, हा प्रश्न त्या पियानोच्या संगीतात कुणालाही पडत नाही.

आता माझा खरा राग.

पाण्याखाली खाद्य देणाऱ्या यंत्रांच्या जाहिरातीत पहिलं वाक्य काय असतं? खाद्य वाया जात नाही. धंद्याच्या खर्चातला अर्ध्याच्या आसपास वाटा खाद्याचा, त्यामुळे हे वाक्य ऐकून मालकाचे कान टवकारतात. आणि सगळं लक्ष कशावर? जाळ्यातून खाली निसटणाऱ्या गोळीवर. त्या गोळीसाठी कॅमेरा, त्या गोळीसाठी संगणक.

नॉर्वेच्या पशुवैद्यकीय संस्थेचा दरवर्षी माशांच्या आरोग्यावर अहवाल येतो. २०२३ साली समुद्रातल्या पिंजऱ्यांत ६ कोटी २८ लाख सॅमन मेले. काढणीला जाण्याआधीच. प्रमाण १६.७ टक्के. म्हणजे सहातला एक. २०२४ मध्ये थोडी सुधारणा, ५ कोटी ७८ लाख, १५.४ टक्के. या देशाची लोकसंख्या पंचावन्न-छप्पन लाख आहे. माणशी दहा मेलेले मासे, दरवर्षी. आणि मरायचं एक मोठं कारण काय, तर उवा काढण्याचे उपचार: माशाला पंपानं ओढून अठ्ठावीस ते चौतीस अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवतात. तुम्हाआम्हाला हे कोमट वाटेल, पण आठ-दहा अंशांत राहणाऱ्या माशाला ते पोळतं. तो तडफडतो, भिंतीवर आपटतो, त्याला वेदना होते हे इथल्याच संशोधकांनी दाखवून दिलंय. नाहीतर ब्रशानं, पाण्याच्या फवाऱ्यानं खरवडतात. आधी रसायनं होती, पण उवा त्यांना सरावल्या. उवा खायला दुसरे मासे सोडतात, तेही कोट्यवधींच्या संख्येनं, आणि ते बहुतेक पिंजऱ्यातच मरतात. वरच्या आकड्यात ते धरलेलेही नाहीत.

आता सांगा, खाद्य कुठे वाया गेलं? जाळ्याखालून गेलेली गोळी निदान बाहेरचे मासे तरी खातात. (आणि त्यावरही इथले कोळी कुरकुरतात, की पिंजऱ्यांभोवती जमणाऱ्या माशांची चव बिघडते.) पण महिनोन्‌महिने गोळ्या खाऊन वाढलेला मासा मेला की त्यानं खाल्लेली एकूण एक गोळी गेली. मेलेल्यातले बरेच लहान असतात, हे मान्य. पण काढणीच्या तोंडावर आलेलेही असतात. पंगतीत सांडलेला भात गोळा करायला चार माणसं नेमली आहेत आणि सहातला एक जेवणारा पानावरच कोसळतोय, त्याच्याकडे बघायला कुणी नाही. याला काटकसर म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणणार नाही.

"अगं पण म्हणूनच तर मासे खाली नेतायत, उवा कमी, उपचार कमी, मरतूक कमी!" हा दादाचा मुद्दा. फोनवर झालाच त्याचा आणि माझा तासभर वाद. मुद्दा बिनतोड दिसतो. पण कमी झालेल्या उवांचं इथे पुढे काय होतं ते बघू.

२०१७ पासून नॉर्वेचा किनारा तेरा विभागांत वाटलाय आणि प्रत्येक विभागाला सिग्नलसारखा रंग दिला जातो. रंग ठरतो तो उवांमुळे समुद्रात उतरणारी रानटी सॅमनची पिल्लं किती मरत असतील यावर. लाल असेल तर मासे कमी करा, हिरवा असेल तर सहा टक्के वाढवा. कल्पना वाईट नाही. पण याचा अर्थ असा की उवा कमी झाल्या की बक्षीस म्हणून आणखी मासे. दोन लाखांच्या जागी सुखानं एक लाख ठेवू, असं बक्षीस कुणी मागत नाही, कुणी देतही नाही. उवांसाठी यजमान वाढले, पुन्हा वर्षभरानं तेच.

आणि भर समुद्रातल्या त्या राक्षसी पिंजऱ्यांचं काय म्हणाल? २०१५ ते २०१७ मध्ये सरकारनं 'विकास परवाने' काढले. नवीन तंत्र आणा, त्यासाठी परवाना फुकट, आणि प्रयोग जमला की एक कोटी क्रोनर भरून तो कायमचा तुमचा. २०१८ च्या लिलावात तेवढ्याच माशांच्या साध्या परवान्याला पंधरा कोटी क्रोनरच्या आसपास भाव गेला होता. आता गणित तुम्हीच करा. सालमार कंपनीला अशा आठ परवान्यांवर 'ओशन फार्म १' बांधता आला; ११० मीटर व्यासाचा, पंधरा लाख मासे मावतील असा, चीनमध्ये बांधून २०१७ साली जहाजावरून इथवर आणलेला. आमच्या इथून फार लांब नाही, हित्राच्या पलीकडे फ्रोहावेतमध्ये. २०१८ साली तो एका बाजूला कलला आणि काही हजार मासे पळाले. मी असं म्हणत नाही की सगळे इंजिनिअर परवान्याच्या लोभानं काम करत होते. पण ज्या शोधाचं बक्षीस 'जास्त मासे' हेच आहे, त्या शोधातून 'कमी मासे' हे उत्तर कसं निघेल?

तोवर रानटी सॅमनची दशा अशी: २०२१ मध्ये तो नॉर्वेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला, आणि २०२४ च्या जूनमध्ये, ऐन हंगामात, तेहतीस नद्यांमध्ये मासेमारी बंद करावी लागली. शेजारचे आजोबा त्या उन्हाळ्यात गळ घेऊन निघाले आणि परत आले. धंद्यात आयुष्य घालवलेला माणूस. काही बोलले नाहीत. गॅरेजमध्ये गळ टांगला आणि गवत कापत बसले.

खाद्य कशाचं असतं हे थोडक्यात सांगते, कारण "जगाला प्रथिनं मिळतात" हे वाक्य मला फोनवर चार वेळा ऐकावं लागलं. २०२० साली या देशात सुमारे वीस लाख टन खाद्य घालून पंधरा लाख टनांच्या आत सॅमन निघाला. त्या खाद्यात सत्तर टक्क्यांहून जास्त सोयाबीन, गहू, तेलं असा शेतमाल आणि वीस-बावीस टक्के मासळीची पूड आणि तेल. त्यातलं काही पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरूनही येत आलंय: मॉरिटानिया, सेनेगल, गांबिया. तिथे फिशमीलच्या कारखान्यांत जाते ती आपल्या तारलीची बहीण, जी तिथल्या बायका धुरावर सुकवून बाजारात विकत आल्या. गरिबाचा मासा दळून श्रीमंताचा मासा करायचा, आणि त्याला जगाचं पोट भरणं म्हणायचं. तारली आपल्याकडेही फिशमीलला जातेच. देवगडकरांना मी हे सांगायला नको.

आता देवगड.

दादा, तुझा अहवाल मी दोनदा वाचला. तुझ्या हेतूवर माझा काडीचा संशय नाही. बंदरावर मासळी घटली, आंब्याचा भरवसा उरला नाही, मुलं मुंबईला गेली. तुला काहीतरी उभं करायचंय. ते मला कळतं. पण विकणाऱ्यानं तुला नॉर्वेचं उत्तर विकलंय, आणि तुझा प्रश्न नॉर्वेचा नाही.

इथे मासे खाली नेतात कारण संकट वरच्या थरात आहे. तुझ्या समुद्रात सॅमनची ऊ नाही. तिथे वर्षातले तीन महिने संकट खाली आहे! गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं कांदोळीच्या समुद्रात वर्षानुवर्षं पाणी मोजलंय, आणि २००० साली त्या लोकांनी ते जगापुढे मांडलं: पावसाळ्यात खोल समुद्रातलं, प्राणवायू संपत आलेलं पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ तळावर चढून येतं. वर पावसाचं हलकं, गोडसर पाणी झाकणासारखं बसतं, त्यामुळे हवा खाली मिसळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाच्या पाण्यात प्राणवायू जवळपास नाहीसा होतो, काही ठिकाणी तर कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार होतो. मोकळा मासा तिथून उठून जातो. पिंजऱ्यातला कुठे जाणार? आणि तुझ्या अहवालात पान अकरावर लिहिलंय: 'पावसाळ्यात पिंजरा सुरक्षित खोलीवर बुडवावा'. सुरक्षित कशापासून? लाटांपासून. श्वासाचं काय?

तुझ्या जागेवर, तुझ्या खोलीला नेमकं काय होतं हे ऑगस्ट ते ऑक्टोबर मोजल्याशिवाय कुणीही सांगू शकणार नाही. पण बत्तीस पानांत 'प्राणवायू' हा शब्द एकदाही नाही. मी शोधला.

एक गोष्ट तुझ्या बाजूनं सांगते, नाहीतर म्हणशील ताई एकतर्फी बोलते. कोबियाला ती हवेची पिशवीच नसते. त्यामुळे सॅमनसारखे त्याचे हाल होणार नाहीत, घुमट वगैरे लागणार नाही. हे खरं आहे. पण मग नळीतून त्याला देणार काय? आपल्याकडे २००७ साली विशाखापट्टणमला केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेनं समुद्रातला पहिला पिंजरा टाकला तेव्हापासून आजवर बहुतेक ठिकाणी पिंजऱ्यातल्या माशाला बारीक, स्वस्त मासळीच चिरून घालतात. एक किलो कोबिया वाढवायला कित्येक किलो ओली मासळी. ती कुठून येणार, तर ट्रॉलरच्या जाळ्यातून, ज्यात उद्याचे बांगडे आणि सुरमई बोटाएवढी असतानाच येतात. बोटाएवढी मासळी पकडू नये म्हणून महाराष्ट्रात २०२३ साली चोपन्न जातींची किमान लांबी ठरवून द्यावी लागली. म्हणजे बंदरावर मासळी घटली म्हणून पिंजरा, आणि पिंजऱ्याच्या पोटासाठी बंदरावरचीच बारीक मासळी. तयार गोळ्या आणशील तर त्यांचा भाव अहवालात कुठल्या वर्षीचा धरलाय तेही विचार.

खाडीत कालवं लावणाऱ्या बचतगटाच्या बायकांना तू गेल्या वर्षी हसला होतास. "त्यात काय पैसा?" असेल कमी. पण कालवाला जेवू घालावं लागत नाही रे. ना नळी, ना कॅमेरा, ना कर्ज. पाण्यातलं त्याचं तो गाळून खातो. मी म्हणत नाही तू कालवंच लाव. मी म्हणतेय की ज्यांच्या डोक्यावर बाग गहाण नाही त्यांना हसू नकोस.

"तू स्वतः सॅमन खातेस ना?" हा फोनवरचा शेवटचा बाण. खात होते. मुंबईच्या हॉटेलात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात (दोघांचा काडीचाही संबंध नाही), त्याच भ्रमात इथे आल्यावर पहिली दहा वर्षं मी सॅमनचं तिरफळं घालून तिखलं केलं. बरं लागायचं. ते ६ कोटी २८ लाख वाचल्यापासून बंद केलं. व्रत वगैरे नाही, घशाखाली उतरेना इतकंच. आता कॉड आणते, त्याला आपल्या मसाल्याची काही समज नाही, पण चालतं :-)

तर दादा, मावशीला भेटायला मे महिन्यात येतेच आहे. तोवर सहीचे कागद बँकेत नेऊ नकोस, ही हात जोडून विनंती, आणि बागेतल्या एक हिस्सेदाराची अटही. विकणाऱ्याला तीन गोष्टी लेखी विचार: हे पिंजरे आपल्या किनाऱ्यावर पावसाळाभर बुडवून कुणी, कुठे ठेवले होते, तिथल्या पाण्यात ऑगस्ट ते ऑक्टोबर प्राणवायू किती होता, आणि पान एकोणीसवरच्या तक्त्यात 'मरतूक ५ टक्के (गृहीत)' असं छापलंय, ते पाच कुणी आणि कशावरून धरलेत. ज्यांचं तंत्र म्हणून तो विकतोय, त्यांच्याकडे पन्नास वर्षांनंतरही, २०२४ साली, पंधरा टक्क्यांहून जास्त मासे मेले. तिथे पंधरा घालून पुढची बेरीज स्वतः कर. मी केली आहे, पण माझं उत्तर आधी सांगत नाही. वहिनीला शेजारी बसवून कर, सही तिची लागणार आहे.